बोली ज्याची, घास त्याचा

"मी? मी फोन दाखवून पोरीला भरवतो?" आजोबांचा आवाज असा चढला की शेजारचा कुत्रा आधी दचकला आणि मग भुंकायला लागला.

"मी या डोळ्यांनी पाहिलं, बाबा," सूनबाई म्हणाली. "पाण्याच्या तांब्याला फोन टेकवलेला, समोर भिंगरी आ वासून बसलेली, आणि आई तिच्या तोंडात भात लोटतायत. गिरणीत दळण ओततात तसा."

"अगं, पण कार्टून नव्हतं लागलेलं," आजी कळवळून म्हणाली. "भजन होतं. देवाचं नाव पडत होतं पोरीच्या कानावर."

"आई, देव असो नाहीतर अस्वल असो, स्क्रीन ती स्क्रीन."

देवाला अस्वलाच्या शेजारी बसवलेलं ऐकून आजीने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि सुनेच्या वतीने मनातल्या मनात माफी मागून टाकली. पण सूनबाईचंही काही खोटं नव्हतं. ती दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत रोज अशी लेकरं येऊन बसत, ज्यांना स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, पण ज्यांच्या दाढा मात्र म्हाताऱ्यांसारख्या किडलेल्या असत. फोनकडे बघत घास गालात धरायचा आणि चावायचं विसरून जायचं. भात तिथेच भिजत पडायचा, दात तिथेच सडत बसायचे. "ही मुलं जेवत नाहीत हो, साठवतात," असं ती म्हणायची तेव्हा तिच्या डोळ्यांत राग असायचा आणि रागाच्या मागे पाणी. देवाने घास दिला, घास चावायला दात दिले, आणि आपण त्या दोघांच्या मध्ये एक चकचकीत पाटी आणून उभी केली! रागावायचं नाही तर करायचं काय माणसाने?

भिंगरीला नुकतंच तिसरं वर्ष लागलं होतं. इतके दिवस सूनबाई दवाखान्यात अर्धा वेळ जायची. सोमवारपासून पूर्ण दिवस जाणार होती, आणि पोर दिवसभर आजीआजोबांकडे राहणार हे ठरल्यातच जमा होतं. इतक्यात ती एके दुपारी लवकर घरी आली आणि तो तांब्या, तो फोन तिच्या दृष्टीस पडला.

"सोमवारपासून भिंगरी पाळणाघरात जाईल," तिने निकाल दिला. "तिथल्या बाई फोन दाखवत नाहीत. मी चौकशी केलीय. जागा ठेवायची की नाही ते त्यांना शनिवारी रात्रीपर्यंत कळवायचंय."

पाळणाघर! आजोबा मटकन खाली बसले. सकाळी उठल्यावर ज्या पोरीने आपल्या मिशा ओढल्या नाहीत तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, ती पोर दिवसभर परक्या घरात? "घरात दोन धडधाकट माणसं असताना?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील ते जाऊ दे. मी काय म्हणू स्वतःला?"

खरं सांगायचं तर त्या दुपारी आजोबांचा घसा बसला होता, म्हणूनच तो फोन बाहेर आला होता. पण घशाचा आणि भरवण्याचा संबंध काय, हे त्यांना सुनेपुढे सांगता येईना.

अशा वेळी मधला मार्ग काढणं हे मुलाचं काम. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत राहण्याची त्याला सवय होती. "असं करू," तो म्हणाला. "शनिवारी सगळे बाहेर जेवायला जाऊ. घरात काय, कुणीही भरवेल. हॉटेलात, गर्दीत, आवाजात, फोन न दाखवता बाबांनी भिंगरीला एक वाटीभर जेवण भरवायचं. जमलं तर पोर घरी. नाही जमलं तर पाळणाघर."

"वाटी रिकामी झाली पाहिजे," सूनबाई म्हणाली. "आणि घास चावलेला पाहिजे. गिळलेला चालणार नाही."

"दोन वाट्या संपवीन!" आजोबा गरजले. आजीने कपाळाला हात लावला. एक संपायची मारामार, आणि हे दुसरीची हमी देऊन बसले.

शनिवारी संध्याकाळी हॉटेलात शिरल्या शिरल्या आजोबांच्या कपाळाची शीर तटतटून उभी राहिली. ज्या टेबलावर म्हणून लहान मूल होतं, त्या टेबलावर मुलाच्या आधी फोन बसला होता. कुठे ग्लासला टेकलेला, कुठे मिठाच्या डबीला, कुठे चक्क पावाच्या टोपलीत रोवलेला. मुलांचे चेहरे निळेजांभळे दिसत होते. शेजारी आईवडील अगदी समाधी लागल्यासारखे शांत जेवत होते. इतकी पोरं एका खोलीत आणि रडणं नाही, हट्ट नाही, पाणी सांडणं नाही! स्मशानातही याहून जास्त गडबड असते.

त्यांच्या अगदी शेजारच्या टेबलावर एक दाढीवाले वडील, एक थकलेली आई आणि त्यांचे चिरंजीव होते. चिरंजीवांना आईवडील 'राजे' म्हणत. राजे उंच खुर्चीत विराजमान झाले होते, समोर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवला होता आणि फोनमध्ये एक जांभळा हत्ती नाचत होता. आई चमचा पुढे करी, राजे तिच्याकडे न बघता तोंड उघडत, चमचा आत जाई, तोंड बंद होई. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं तसं.

"याला जेवण म्हणायचं?" आजोबा पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं मागच्या भिंतीपर्यंत पोचलं.

दाढीवाल्याने मान वर केली. "काका, आम्हाला म्हणालात का?"

"तुम्हाला कशाला म्हणू? तुमच्या हत्तीला म्हणालो."

"फोन नसला ना, तर हा एक घास खात नाही. जरा सांभाळून बघा याला, मग बोला."

"आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

"तुम्ही कुठे वाढवलीत? मी वाढवली," आजी हळूच म्हणाली आणि मेनूकार्डाच्या आड गेली.

मऊ भात, त्यात उकडलेलं गाजर आणि बटाटा, अशी वाटी भिंगरीसमोर आली. सूनबाईने स्वतःलाही तेच मागवलं होतं, पोरीला वेगळं वाटू नये म्हणून. तिने हात बांधले आणि पंचासारखी मागे टेकून बसली. आजोबांनी चमचा उचलला. "हा घास चिऊचा..."

भिंगरीने चिऊकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती राजांच्या हत्तीकडे बघत होती.

"बाबा, स्क्रीन," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण ती आपली कुठे आहे?"

"बघतेय ना?"

आजोबांनी भिंगरीची खुर्ची उचलून उलटी ठेवली. त्या बाजूला एक जुळी भावंडं एकाच टॅबवर डोकी टेकवून बसली होती. त्यात एक ससा गाडी चालवत होता. आजोबांनी खुर्ची आणखी फिरवली. समोर भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर सामना चाललेला. आजोबांनी वेटरला बोलावलं, वेटरने मॅनेजरला बोलावलं.

"टीव्ही बंद करा," आजोबा म्हणाले. "माझी नात जेवतेय."

"साहेब, अंतिम सामना आहे," मॅनेजर हात जोडून म्हणाला. "टीव्ही बंद केला तर लोक मला बंद करतील."

उरली चौथी बाजू. तिकडे नुसती भिंत होती. आजोबांनी मोठ्या विजयाने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि घास पुढे केला. भिंगरी टाळ्या पिटून हसायला लागली. भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आरसा होता. आरशात टीव्ही होता, टॅब होता, हत्तीही होता. इतका वेळ एकेक करून बघावं लागत होतं, आता सगळं एका जागी दिसत होतं.

"ही काय जेवायची जागा आहे?" आजोबा कडाडले. "चहूकडून वेढा घातलाय नुसता! माणसाच्या पोराने बघायचं तरी कुठे?"

"तुमच्याकडे," आजी म्हणाली. तिने एक दीर्घ श्वास घेतला. "बघू द्या तिला तुमच्याकडे. करा ते. आता लाज सोडा."

"हिच्यासमोर?" आजोबांनी डोळ्यांनी सुनेकडे खूण केली.

"सोमवारी पोर जाईल. मग कुणासमोर करणार आहात?"

आता गुपित सांगायलाच हवं. आजोबांनी उभी हयात घाऊक बाजारात भाजी आणि फळांचे लिलाव पुकारण्यात घालवली होती. बाजारात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. 'तीनवार' म्हणत. पहाटेच्या अंधारात त्यांनी टोमॅटोच्या ढिगावर उभं राहून "एक वार, दोन वार" म्हटलं की पार वेशीजवळच्या गाडीवानाचे कान टवकारायचे. निवृत्त झाले, पण घसा कुठे निवृत्त होतो? मग सूनबाई दवाखान्यात गेली की ते भिंगरीच्या घासांचा लिलाव करत. बोली टाळ्यांची. आजी एक टाळी वाजवी, भिंगरी दोन वाजवी, तिसऱ्या वाराला घास भिंगरीच्या तोंडात. मिळवलेला माल ती अशी चावून चावून खायची की बघत राहावं. पण "जेवताना आरडाओरडा नको, मूल शांतपणे जेवलं पाहिजे," असं सूनबाईने एकदा बजावलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या घरात आपण बाजार भरवतो, हे तिला कळू नये म्हणून दोघं म्हातारी चोरासारखी जपत होती.

आजोबा उभे राहिले. भिंगरीची खुर्ची स्वतःकडे वळवली. घसा खाकरला.

"बघा, बघा, बघा! आला ताजा माल! उकडलेलं गाजर! कोवळं, गोड, टोकापासून देठापर्यंत एका रंगाचं! बोला, काय देता?"

हॉटेलातले चमचे जागच्या जागी थांबले. भिंगरीचे डोळे लखलखले.

आजीने एक टाळी वाजवली आणि सुनेची नजर चुकवून हात मांडीवर घेतले.

"एक टाळी! आजीबाईंची एक टाळी! एक टाळी एक वार, एक टाळी दोन वार..."

भिंगरीने दोन टाळ्या ठोकल्या.

"दोन टाळ्या! दोन टाळ्या एक वार, दोन वार, तीन वार! उचला माल!"

गाजर तोंडात गेलं. भिंगरीचा जबडा जात्यासारखा फिरायला लागला.

"बाबा, हे काय चाललंय?" सूनबाईने विचारलं.

"व्यापार," आजोबा म्हणाले आणि बटाट्याची फोड चमच्यावर घेतली.

एव्हाना जांभळा हत्ती एकटाच नाचत होता. राजांनी पाठ फिरवली होती. खुर्चीच्या कठड्यावर हनुवटी टेकवून ते आजोबांकडे बघत होते. "बटाटा! लोण्यासारखा बटाटा!" आजोबांनी पुकारलं. भिंगरीने दोन टाळ्या वाजवल्या. आजोबा दुसऱ्या वारापर्यंत आले, आणि राजांनी आपले गुबगुबीत हात उचलून तीन टाळ्या वाजवल्या.

इथे आजोबा थांबले असते, हसून राजांच्या गालाला हात लावून पुढे गेले असते, तर ही गोष्ट इथेच गोड संपली असती. पण बाजाराचा कायदा त्यांच्या हाडांत मुरला होता. बोली ज्याची, माल त्याचा. आजीचा सख्खा भाऊ एकदा मेहुण्याच्या भरवशावर कांद्याचा ढीग कमी बोलीत घ्यायला आला होता आणि रिकाम्या हाताने गेला होता. तेव्हापासून तो आजोबांशी बोलत नाही आणि आजी कांदा चिरताना जरा जास्तच रडते. असा हा माणूस. "तीन टाळ्या एक वार, दोन वार, तीन वार!" म्हणताच त्यांचा हात आपोआप भिंगरीवरून वळला आणि बटाटा राजांच्या तोंडात गेला.

"अहो!" आजी किंचाळली.

"अगंबाई!" राजांची आई त्याहून जोरात किंचाळली. "चावतोय! बघा ना, चावतोय!"

दाढीवाला खुर्चीतून उठला. "काका, विचारल्याशिवाय आमच्या मुलाला काय भरवता?"

"गप्प बसा हो तुम्ही!" राजांची आई त्याच्यावरच उलटली. "त्याच्या जबड्याला काही काम आहे हे मला इतके दिवस माहीत नव्हतं. काका, हे घ्या, आमची पण वाटी लावा लिलावाला."

सूनबाई कधी उठून राजांच्या खुर्चीजवळ जाऊन वाकली ते तिलाही कळलं नाही. "उजव्याच बाजूने चावतोय," ती म्हणाली. "डावीकडे दुखतंय त्याला. दवाखान्यात घेऊन या."

तोवर जुळ्यांनी सशाला गाडीसकट सोडून दिलं होतं. दोघं मिळून चार हात, त्यामुळे टाळ्यांना तोटा नव्हता. त्यांनी पावाच्या तुकड्यावर पाच टाळ्यांची बोली लावली. आजोबांनी ती भागीदारीची बोली धरली आणि तुकडा दोघांत अर्धा अर्धा केला. मोठा अर्धा कुणाला, यावरून भागीदारांनी एकमेकांचे केस धरले. त्यांचे वडील धावत आले. भांडण सोडवायला आले म्हणावं तर हातात दोघांच्या वाट्या होत्या. "काका, यांचा भात पण चालेल ना?"

"माल आणा, पुकारतो!" आजोबा रंगात आले होते. पखवाज तापला की गाणाऱ्याला घड्याळ दिसत नाही, तसं झालं होतं त्यांचं. कोणाची वाटी कुठली हे बघायलाही कुणाला सवड नव्हती. मॅनेजर हात चोळत मध्ये मध्ये येई, "साहेब, जरा हळू, साहेब, बाकीची गिऱ्हाइकं," म्हणे, आणि आजोबा त्याला "बोली लावायची तर लाव, नाहीतर वाट सोड," असं म्हणून बाजूला करत.

आणि नेमका सामन्यात गोल झाला. मागच्या टेबलावर एक झुपकेदार मिशांचा, भरदार माणूस एकटाच जेवत होता. त्याने उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला.

"ओहो! मोठं गिऱ्हाईक!" आजोबांची पाठ तिकडे होती, त्यांनी फक्त कानांनी मोजलं. "इतक्या टाळ्या कुणाच्या आहेत इथे? नाहीत ना? एक वार, दोन वार, तीन वार! ए दादा, हा घास मागे पोचता कर."

वेटरने इमानदारीने तो चमचा नेला. मिशाळ माणसाने चमच्याकडे पाहिलं, वेटरकडे पाहिलं, चिमुकल्या चमच्यावरच्या चिमुकल्या गाजराकडे पाहिलं. "हे काय आहे?" तो गुरकावला.

"तुम्ही लिलावात घेतलंय, साहेब."

"मी? कधी?"

"घ्या हो साहेब, नाहीतर म्हातारबाबा सौदा मोडला म्हणून इथे येतील," वेटर काकुळतीला आला. मिशाळ माणसाने डोळे मिटले आणि गाजर खाल्लं.

मग आजोबांनी चमचा वाटीत घातला तर वाटीच्या तळाचा खट असा आवाज आला.

"संपली," आजोबा धापा टाकत, घाम पुसत म्हणाले. "बघ सूनबाई. वाटी रिकामी."

"वाटी रिकामी आहे," सूनबाई म्हणाली. "पण भिंगरीच्या पोटात काय गेलं?"

सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी ओठ घट्ट मिटून, नाक फुगवून, दोन्ही हात काखेत दाबून बसली होती. तिच्या पोटात गाजराचा पहिला तुकडा होता. बाकीचा सगळा भात, बटाटा आणि गाजर तिच्याच वाटीतून उठून तिच्याच डोळ्यांदेखत राजांच्या, जुळ्यांच्या आणि एका मिशाळ परपुरुषाच्या पोटात गेलं होतं. ते गिळतानाचे सगळ्यांचे आवाजही तिने ऐकले होते.

"अहो, एक बोली तरी नातीकडे झुकवता आली नसती?" आजी म्हणाली. "एक?"

"मापात पाप कधी केलं नाही मी," आजोबा म्हणाले. पण आवाजात आता गर्जना नव्हती. ते खुर्चीत बसले. हातात रिकामा चमचा होता. सगळ्या हॉटेलातली पोरं जेवली होती आणि आपली उपाशी राहिली होती. सोमवारी सकाळी मिशा ओढायला कुणी नसणार, हे त्यांना आत्ता, या क्षणी पुरतं कळलं. सूनबाईलाही ते बघवेना. ती काहीतरी बोलणार, एवढ्यात भिंगरी उठली.

ती खुर्चीत उभीच राहिली. तिने हात लांब करून आईची न उष्टावलेली वाटी ओढून घेतली, आजोबांच्या हातातला चमचा हिसकावला, आणि सगळ्या हॉटेलकडे रागाने बघत ओरडली, "बघा, बघा, बघा! भात!"

राजांनी लगेच टाळ्या वाजवल्या. जुळ्यांनी वाजवल्या. भिंगरीने कुणाकडेही लक्ष दिलं नाही. "एक वाल! दोन वाल! तीन वाल!" आणि घास सरळ स्वतःच्या तोंडात.

"अगं ए!" आजोबा ताडकन उभे राहिले. "असं नाही चालत! पुकारणाऱ्याने माल घ्यायचा नसतो!"

"बाबा!" मुलगा आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही मजले सोडून ओरडला. "खाऊ दे ना तिला!"

"खाऊ दे काय? त्या पोराची तीन टाळ्यांची बोली आहे! हा व्यापार नाही, दरोडा आहे दरोडा!"

"अहो, खाली बसा," आजीने त्यांचा सदरा धरून ओढला. "तुमच्याच बाजूने चाललंय सगळं!"

"माझ्या बाजूने चाललं म्हणून खोटं खरं होतं का?"

भिंगरी मात्र सपाट्याने बोली पुकारत होती आणि माल स्वतःच उचलत होती. टाळ्या वाढत होत्या तसा तिचा वेग वाढत होता. हे दृश्य बघून चहूकडच्या आईबापांनी आपापले फोन उचलून तिच्याकडे धरले. आणि मग सूनबाई उठली. "फोन खाली!" तिचा आवाज असा निघाला की आजोबांनीसुद्धा चमकून पाहिलं. "एकही फोन वर दिसता कामा नये! तिच्यासमोर एवढ्या पाट्या धरायला ती काय प्रदर्शन आहे? स्वतःच्या मुलांची तोंडं बघा, कधीची पुसायची राहिलीत!" फोन खाली गेले. दाढीवाल्याने तर भीतीने राजांच्या जोडीने आपलंही तोंड पुसून घेतलं.

वाटी तळाला आली. शेवटचा घास उरला. बटाट्याची एक फोड आणि चार शितं.

"बटाटा!" भिंगरीने पुकारलं. "बोला!"

कुणीच बोललं नाही. राजे आईच्या खांद्यावर झोपले होते. भागीदारीही टेबलावर डोकं ठेवून पेंगत होती. सामना संपला होता, मिशाळ माणूस निघून गेला होता. भिंगरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ज्या मालाला गिऱ्हाईकच नाही, तो खाण्यात काय मजा? तिने चमचा वाटीत टाकून दिला. "नको."

"हे बघ, मी लावते बोली," आजीने घाईने टाळ्या वाजवल्या.

"आजी नको," भिंगरी म्हणाली. तिने बोट उचललं. "आजोबा."

आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही. बाजारात आवडत्या आंब्याची पाटी समोरून गेली, तरी त्यांनी कधी बोट हलवलं नव्हतं. तरुणपणी बायकोने फुलकोबी आणायला सांगितला तर ते लिलाव संपेपर्यंत थांबून दुसऱ्या बाजारातून विकत आणत. एकदा पुकारणाऱ्याने बोली लावली की बाजार गेला, शब्द गेला.

"आजोबा, बोला," भिंगरी म्हणाली. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला.

"बाबा," सूनबाई म्हणाली. ती त्यांच्याजवळ आली होती, आणि आता ती पंचासारखी दिसत नव्हती. "वाजवा ना. एक घास राहिलाय फक्त."

"वाटी रिकामी झाली पाहिजे, ही अट तुझीच आहे," आजोबा म्हणाले.

"माझीच आहे. आणि मी तिची आई आहे, जेलर नाही. मला काय हौस आहे तिला परक्या दारात ठेवायची? दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांच्या तोंडात बघायचं आणि आपलं मूल काय करत असेल म्हणून झुरायचं. वाजवा ना हो. तुमच्या पाया पडते."

आजोबांनी आजीकडे पाहिलं. आजीने डोळे मिटून हात जोडले होते. भजन लागलेलं नव्हतं, तरी तिचे ओठ हलत होते.

आजोबांचे हात पाठीमागून पुढे आले. ते एकमेकांवर आपटले खरे, पण टाळी नीट वाजलीच नाही. वाजवायची सवय नव्हती. मग त्यांनी दुसरी वाजवली, ती मात्र खणखणीत.

भिंगरीचा चेहरा उजळला. तिने चमचा भरला, आजोबांच्या नाकासमोर धरला.

"दोन टाळ्या! एक वाल..."

आजोबांनी तोंड उघडलं.

"दोन वाल..."

आजोबा चमच्याकडे वाकले.

"तीन वाल!" आणि बटाट्याची फोड शितांसकट भिंगरीच्या तोंडात. ती चावायला लागली, आजोबांच्या डोळ्यांत डोळे घालून, सावकाश, एकेक दाढ वापरत.

"पण बोली माझी होती!" आजोबा उघड्या तोंडाने म्हणाले. "मी लावली होती! उभ्या जन्मात एक बोली लावली मी!"

कुणी ऐकतच नव्हतं. मुलगा वाटी उलटी करून दाखवत होता. आजी डोळे पुसत होती. मॅनेजर हुश्श करून खुर्चीवर बसला होता. सूनबाईने भिंगरीचं तोंड उघडायला लावलं, दोन्ही गालांत बोट फिरवून पाहिलं. गाल रिकामे होते. तिने पोरीचा मुका घेतला आणि पर्समधून फोन काढला.

"पाळणाघराच्या बाईंना कळवून टाकते, जागा नको म्हणून."

"इथे?" आजोबांची शीर पुन्हा उभी राहिली. "पोरीसमोर फोन? अजून तोंड पुसायचंय तिचं! काय बोलायचं ते बाहेर जाऊन बोल!"

सूनबाईने फोन पदराआड धरला आणि मुकाट्याने दाराबाहेर गेली.